इमारतीच्या आकाराच्या जुन्या जाहिरातीच्या दौती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेरचा. गेली बावीस वर्षं दौती जमवतोय, त्यातही खास करून अशा ज्या एखाद्या इमारतीच्या आकारात ओतलेल्या असतात आणि अंगावर कुठल्यातरी कंपनीचं नाव असतं. लग्नात, एसटीत, बँकेच्या लाइनीत, कुठंही विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

दौत म्हणजे शाईची बाटलीच ना?

नाही. बाटलीत शाई विकत आणायची, दौतीत ओतून टेबलावर ठेवायची आणि टाक बुडवून लिहायचं. बाटली संपली की फेकली जायची, दौत मात्र वर्षानुवर्षं त्याच टेबलावर. जुन्या शाळांच्या बाकांना गोल भोक असायचं, त्यात चिनी मातीची पांढरी दौत बसवायचे, ती बऱ्याच जणांच्या आजोबांना आठवत असेल. टाक ठेवायला खाचा असल्या की त्याला कलमदान म्हणायचं.

मी जमवतो त्या दौतींमध्ये अख्खी इमारत असते, चार ते सहा इंचांची, खिडक्या, पायऱ्या, खांब सगळं काढलेलं, आणि तिचं छप्पर किंवा घुमट मागच्या बाजूला छोट्याशा बिजागरीवर उघडतो. उघडला की आत काचेची नाहीतर चिनी मातीची कुपी, तिच्यात शाई. पुढं पायाशी कंपनीचं नाव.

पण इमारतच का? आणि जाहिरात दौतीवर का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. कंपनीनं कॅलेंडर दिलं तर ते वर्षभर भिंतीवर. दौत दिली तर ज्याच्या सहीनं ऑर्डर निघते त्या माणसाच्या हातापासून वीतभर अंतरावर आपलं नाव, तेही दिवसातून शंभर वेळा टाक बुडवताना नजरेखाली. ह्याच्यापेक्षा चांगली जागा त्या काळात दुसरी नव्हती.

इमारतीच्या आकाराच्या दौती मात्र जाहिरातीच्या आधीपासून आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपातले पैसेवाले लोक इटली फिरायला जायचे आणि येताना रोमच्या अवशेषांच्या छोट्या प्रतिकृती आणायचे, संगमरवराच्या, ब्राँझच्या. त्यात व्हेस्टा ह्या रोमन देवीचं गोल देऊळ असायचं, सिपिओ बार्बाटस नावाच्या रोमन सरदाराची दगडी शवपेटी असायची आणि ह्या शवपेटीचं झाकण उचललं की आत शाई, अशा दौती खूप झाल्या. पुढं १८८९ ला पॅरिसच्या प्रदर्शनासाठी ३०० मीटरचा आयफेल टॉवर उभा राहिला, तसा तो दौतीवर, दिव्यावर, सगळीकडं आला.

मग अमेरिकेतल्या कंपन्यांना कळलं की आपली इमारतच आपली जाहिरात आहे. शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीनं न्यूयॉर्कला १९०८ मध्ये ४७ मजली टॉवर बांधला, तो जगातली सगळ्यात उंच इमारत ठरला. पुढच्याच वर्षी मेट्रोपॉलिटन लाइफ ह्या विमा कंपनीनं ५० मजल्यांचा टॉवर बांधून तो मान घेतला, आणि १९१३ ला वूलवर्थनं दोघांना मागं टाकलं. वूलवर्थची दुकानं पाच आणि दहा सेंटच्या मालाची, आणि त्या चिल्लरीतून १ कोटी ३५ लाख डॉलरची इमारत रोखीनं बांधली. विमा कंपनीचं तर सगळं भरवशावर चालतं, पॉलिसी काढणाऱ्यानं ऑफिस कधी बघितलेलंच नसतं, अशा वेळी त्याच्या टेबलावर दगडी खांबांचं घट्ट मुख्यालय ठेवलं की न बोलता सांगितलं जातं की आम्ही कुठं पळून जात नाही. बँकांचंही तेच, कारखान्यांचंही तेच.

सिंगरची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो कारण आपल्याकडं प्रत्येक गावातल्या टेलरकडं ते काळं मशीन होतं. त्यांचा तो एकेकाळी जगात सगळ्यात उंच असलेला टॉवर १९६७ ते १९६९ च्या दरम्यान पाडून टाकला. अशी इमारत जाते तेव्हा टेबलावरची वीतभर प्रतिकृती मागं उरते, आणि त्या खिडक्या बोटाला लागतात तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच सांगतो.

तुमची पहिली दौत कुठं मिळाली?

धुळ्याला, एका भंगाराच्या दुकानात. मी गेलो होतो सायकलचा जुना दिवा शोधायला. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली काहीतरी काळं लावलेलं होतं, मला वाटलं वजनाचं माप असेल, उचललं तर कारखाना! दोन मजली, पुढं अकरा खिडक्या, बाजूला धुराडं, आणि धुराड्याचं टोक एवढं गुळगुळीत झालेलं की बाकीच्या काळ्या धातूत तेवढंच चांदीसारखं चमकत होतं. छप्पर उघडेना. मी विचारलं किती द्यायचे, तर म्हातारे दुकानदार म्हणाले, "लई जा भो, हाई कोनले जोयजे?" म्हणजे घेऊन जा भाऊ, हे कोणाला पाहिजे? मी त्यांच्या हातात पन्नास रुपये ठेवलेच.

घरी आणून बिजागरीत खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला आणि दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी छप्पर उघडलं. आत काचेची कुपी, अर्धी शाईनं भरलेली, म्हणजे वाळून भेगाळलेली, उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळ दिसतो तशी, काळी-निळी. आणि मग लक्षात आलं धुराडं का गुळगुळीत आहे ते. छप्पर उघडताना दरवेळी तिथंच अंगठा टेकवावा लागतो. कोणीतरी मुनीम किंवा कारकून, वर्षानुवर्षं, रोज.

पायावर इंग्रजी अक्षरं होती, त्यातली निम्मी झिजून गेलेली. कुठली कंपनी ते आजपर्यंत लागलेलं नाही आणि तरी माझ्याकडच्या एकतीस दौतींमध्ये मी हीच पहिली दाखवतो.

खान्देशात असल्या परदेशी वस्तू आल्याच कशा?

कापसामुळं आणि रेल्वेमुळं. जळगाव, अमळनेर, पारोळा, धुळे, चोपडा ह्या सगळ्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग होते, गाठी मुंबईला जायच्या आणि तिथून बोटीनं परदेशात. भुसावळ मोठं जंक्शन. जिथं मालाची खरेदी तिथं कंपनीचा एजंट, विम्याचा एजंट, मशीन विकणारा, तेल विकणारा, आणि प्रत्येकजण येताना काहीतरी भेट ठेवून जाणार. अमळनेरला तर कापड गिरणी होती आणि १९४५ ला वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढं विप्रो झाली. म्हणजे हिशोबाचं, पत्रव्यवहाराचं काम आपल्याकडं भरपूर होतं आणि जिथं लिहिणं तिथं दौत.

तरीही भरमसाठ मिळतील असं समजू नका. मला खान्देशात बावीस वर्षांत फक्त सहा मिळाल्या, बाकी मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइन.

ह्या दौती कुठल्या धातूच्या असतात? पितळ ना?

बहुतेक लोक पितळ समजतात, पण स्वस्तातल्या जाहिरातीच्या दौती शक्यतो जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, इंग्रजीत त्याला स्पेल्टर म्हणतात, वरून तांब्याचा किंवा ब्राँझसारखा पातळ थर दिलेला. कारण सरळ आहे. जस्त ४१९ अंशाला वितळतं, पितळेला ९०० च्या आसपास जावं लागतं. कमी उष्णतेत काम होतं, साचा टिकतो, बारीक खिडक्या स्वच्छ उमटतात. ओतायची पद्धतही छान आहे, साच्यात धातू ओतायचा, कडेला थर थिजला की मधला अजून पातळ असलेला धातू परत बाहेर ओतून टाकायचा, म्हणून इमारत आतून पोकळ आणि खडबडीत असते.

ओळखायचं कसं? उलटी करून तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी जिथं आधीच ओरखडा असेल तिथं भिंगातून बघा, आत करडं-पांढरं दिसलं तर जस्त, पिवळं दिसलं तर पितळ. नखानं वाजवून बघा, पितळ थोडं घुमतं, जस्ताचा आवाज बोदा येतो. लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही, चिकटला तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड. जस्तात बऱ्याचदा शिसं मिसळलेलं असतं, म्हणून लहान मुलांच्या हातात देऊ नका आणि हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

वस्तू किती जुनी आहे ते कसं कळतं?

तळ वाचायचा. आधी तळ, मग इमारत. मला जे कामाला येतं ते सांगतो.

नुसतं "जर्मनी" असं इंग्रजीत कोरलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. "डी.आर.जी.एम." ही अक्षरं जर्मनीतल्या नोंदणीची, तीही १८९१ पासूनची. "निप्पॉन" असेल तर साधारण १९२१ च्या आधीची जपानी, त्यानंतर "जपान". आणि "ऑक्युपाइड जपान" असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचीच. "जे.बी." अशी अक्षरं असतील तर अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचे जेनिंग्ज ब्रदर्स असू शकतात.

भारतीय कंपनीचं नाव असेल तर आपल्याला जास्त सोपं. आयुर्विम्याच्या खासगी कंपनीचं नाव असेल तर वस्तू १९५६ च्या आधीची, कारण त्या वर्षी २४५ कंपन्या आणि सोसायट्या मिळून एलआयसी झाली. इम्पीरियल बँक लिहिलंय? मग १९२१ ते १९५५, पुढं तिची स्टेट बँक झाली. पत्त्यात "ईस्ट खान्देश" किंवा "वेस्ट खान्देश" असेल तर १९०६ नंतरची, कारण त्याआधी एकच खान्देश जिल्हा होता. आणि पत्त्यात पिनकोड असेल तर कोणी कितीही शपथा घेऊ दे, पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला.

इमारतीवरूनही एक टोक पक्कं होतं. दौतीवर जो टॉवर आहे तो बांधला १९०९ ला, तर दौत १८९० ची असू शकत नाही. लोक हे विसरतात.

नकली किती असतात? फसायला होतं का?

होतं. मी फसलोय. पाच वर्षांपूर्वी ऑनलाइन एकाकडून घुमटाची दौत घेतली, फोटोत एक नंबर दिसत होती, पैसे आधीच भरले, आणि पार्सल उघडल्यावर पहिली नजर बिजागरीच्या स्क्रूवर गेली तर तो प्लसचा. तसला स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाला आणि विकणारा मला ती १९०० ची म्हणून देत होता. परत घ्यायला तयार झाला नाही. ती दौत मी ठेवलीय, नव्या माणसाला खरी आणि खोटी शेजारी ठेवून दाखवायला फार उपयोगी पडते.

खोटीत काय दिसतं ते सांगतो. काळेपणा सगळीकडं सारखाच असतो, खऱ्या वस्तूत जिथं हात लागतो तिथं उजळ आणि जिथं पोचत नाही तिथं गडद असतं. खिडक्यांच्या कडा मऊ असतात कारण खऱ्या वस्तूवरून साचा काढलेला असतो आणि त्यात बारकावे मरतात, आकारही किंचित लहान होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाई कुठंच नसते. बिजागरीत नाही, कुपीच्या खालच्या खाचेत नाही. जी दौत पन्नास वर्षं वापरली तिच्या खाचेत शाई असणारच.

साफ कशी करायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं उत्तर लोकांना आवडत नाही. करू नका.

म्हणजे धूळ काढा. मऊ ब्रश, रंगाचा नवा कोरडा ब्रश चालतो, नाहीतर जुना धुतलेला सुती कपडा. बस. चिंच नको, लिंबू नको, राख नको, भांडी घासायची पावडर तर अजिबात नको. वरचा तांब्याचा थर कागदाहून पातळ असतो, आंबट लागलं की तो जातो आणि खालचं करडं जस्त उघडं पडतं, ते परत कधीच तसं होत नाही.

माझ्या घरी हे झालंय. आठेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मावशी आली होती, तिनं प्रेमानं देवाच्या भांड्यांबरोबर माझी एक बँकेची दौतही चिंचेनं घासली. संध्याकाळी मी घरी आलो तर ओट्यावर उपड्या तांब्यांच्या शेजारी ती ठेवलेली, ठिकठिकाणी डाग उडालेली, आणि पायावर काळ्या शाईच्या ओघळात जी एक ओळ टोकदार वस्तूनं कोरलेली होती, बहुतेक कोणाचं तरी नाव, ती गेली. शाई होती म्हणून ती ओळ दिसत होती. मी फोटो काढून ठेवला नव्हता. मावशीला काही बोललो नाही, तिला कसं कळणार, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

डाग का ठेवायचा, तर तो त्या वस्तूचा दाखला आहे. जुनी लिहायची शाई मायफळ किंवा हिरड्याच्या कषायात हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून व्हायची, त्यात डिंक. लिहिताना फिकट दिसते आणि हवा लागली की काळी पडते. ती आम्लधर्मी असते, धातू खाते, म्हणूनच तर आत काचेची कुपी बसवायचे. कुपी तडकली की शाई झिरपून धातूवर खड्डे पाडते. म्हणजे नुसता आतला डाग बघून कळतं की कुठली शाई होती, कुपी फुटली होती का, वस्तू खरंच वापरात होती की शोकेसमध्ये होती. काजळाची शाई असेल तर खड्डे पडत नाहीत, ती नुसती वर बसून राहते. इथल्या मारवाडी पेढ्यांवर आणि मोडी लिहिणाऱ्यांकडं काजळाची शाई बरीच वापरायचे.

कुपी निघत असेल तर ती वेगळी काढून साध्या पाण्यानं धुतली तर चालते, पण मी तेही करत नाही.

त्यात शाई भरून वापरली तर?

नको. कुपी जुनी, तिला बारीक चीर असली तरी दिसत नाही. हौस असेल तर साधी काचेची दौत घ्या आणि टाकानं लिहा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात खराब होतात का?

मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या पुढं जातं, तरी नुसत्या उष्णतेनं धातूला काही होत नाही, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तेवढं ठेवू नका, कारण तिथं दिवसा भट्टी आणि रात्री गार असं होतं आणि काचेची कुपी व धातू वेगवेगळे फुगतात-आकसतात, माझी एक कुपी अशीच तडकली. खरा धोका पावसाळ्याचा. ओल लागली की जस्तावर पांढरी भुकटी येते. लाकडी कपाटात, कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आणि सागवानाचं नवं कपाट असेल तर पॉलिशचा वास पूर्ण जाऊ द्या.

काही दौतींना भेगा पडतात आणि त्या दर वर्षी वाढतात, धातूत मुळातच भेसळ असल्यामुळं आतून कुजतात. त्याला उपाय नाही. फोटो काढून ठेवायचे आणि हात लावायचा नाही.

कायद्याची काही भानगड आहे का?

आहे, माहीत असलेली बरी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक किंवा कलात्मक वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावशेष धरलं जातं. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशातल्या संग्राहकानं चांगली किंमत देतो म्हटलं तरी आधी पुरातत्त्व खात्याकडं चौकशी करा, कुरिअरवाला घेतो म्हणून पाठवू नका. बाहेरून मागवणार असाल तर कस्टमचा खर्च धरूनच बोली लावा.

किंमत किती असते?

ठरलेली नाही. झाकण मूळचं, कुपी शाबूत, कंपनीचं नाव वाचता येतं आणि इमारत ओळखता येते, ह्या चारही गोष्टी असल्या की महाग. त्यातही इमारत पाडलेली असेल तर लोक जास्त देतात. ज्यांना विकायचीय म्हणून घ्यायचीय त्यांनी माझ्याकडून सल्ला घेऊ नये.

एवढ्या मिळत नाहीत, पैसेही नाहीत, मग सुरुवात कुठून करू?

कॉलेजची पोरं विचारतात हे, आणि मला फार बरं वाटतं. दौतीच्याच भावकीतल्या पुष्कळ गोष्टी आहेत. इमारतीच्या आकाराचे बँकांचे गल्ले, शिकागोची बँथ्रिको कंपनी असे करायची. घराच्या आकाराच्या काचेच्या शाईच्या बाटल्या, एकोणिसाव्या शतकातल्या, दार-खिडक्या काचेतच उमटवलेल्या. आणि आपल्याकडचं म्हणाल तर शाईच्या वड्या-पावडरीचे डबे, दांडेकरांनी १९३१ ला मुंबईत घोडा छाप शाईची पावडर आणि वड्या काढल्या, त्यांचीच पुढं कॅम्लिन झाली, अशा डब्या-लेबलं अजून जुन्या स्टेशनरी दुकानांच्या माळ्यावर मिळतात, विचारायला लाजू नका.

आणि आधी बघायला शिका. चाळीसगावला केकी मूस यांचं घर जाऊन बघा, फोटोग्राफीचा एवढा मोठा माणूस, त्यांनी घरातच राहून काय काय जमवलं आणि कसं मांडलं ते बघून यायचं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथली जुनी हस्तलिखितं बघितली की शाई म्हणजे काय ते डोळ्याला कळतं, कुठं कागद खाल्लाय, कुठं अक्षर अजून कालचं वाटतंय.

आमच्या घरी आजोबांची एक आहे, तिचं काय करू?

घासू नका, हे झालंच सांगून. दिवसाच्या उजेडात चारही बाजूंनी, वरून, आणि मुख्य म्हणजे तळाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. झाकण अडकलं असेल तर चाकू घालून उचकटू नका, तेल आणि धीर.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ ती घेऊन बसा आणि हातात द्या. नुसतं विचारलं तर काही आठवत नाही, हातात दिली की आठवतं. कुठल्या पेढीवर होती, कोण लिहायचं, कोणत्या शेठनं दिली, दसऱ्याला-दिवाळीला वह्यांबरोबर तिची पूजा व्हायची का. जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहून कापडाबरोबर ठेवा, चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाईपेनची शाई ओलीनं पसरते. माझ्या एका दौतीच्या चिठ्ठीवर एवढंच आहे: "पारोळ्याच्या जिनिंगमधली. नानांचे वडील हिच्यातून गाठींचा हिशोब लिहायचे. डावरे होते, म्हणून डावीकडचा खांब झिजलाय."